वाचकांचे प्रश्न : जुने युनिक्स आणि टेप ड्राइव्ह

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे टेप ड्राइव्हविषयी, म्हणजे चुंबकीय फितीवर मजकूर साठवणाऱ्या यंत्राविषयी, असल्यामुळे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती नेहमीच्या लहान रोमन अक्षरांत टंकावीत, कारण लहान आणि मोठ्या अक्षरांत युनिक्स ही कार्यप्रणाली भेद करते.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत सन कंपनीचे स्पार्कस्टेशन ५ असून त्यावर सोलारिस २.६ हे युनिक्स चालते. एका उपकरणाची मोजमापे नोंदवणारा प्रोग्राम याच यंत्रावर चालत असल्यामुळे ते बदलणे आम्हाला शक्य नाही. बॅकअपसाठी आम्ही बाहेरून जोडायचा, वापरलेला डीडीएस-३ प्रकारचा टेप ड्राइव्ह मिळवला आहे. जोडल्यावर त्याचा दिवा लागतो, परंतु टेप हाताळणारी ‘एमटी’ ही आज्ञा कधी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ तर कधी ‘नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस’ असे उत्तर देते, आणि एकदा ‘आय/ओ एरर’ असेही आले. कपाटात याच यंत्राच्या दोन जुन्या टेप आहेत, त्यावरील मोजमापे आता दुसरीकडे कोठेही नाहीत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात त्या दोन टेप कपाटातच राहू देण्यापासून करावी. ज्या ड्राइव्हने आपल्या हाताखाली अजून एकही टेप नीट लिहून आणि वाचून दाखवलेली नाही, त्यात एकमेव प्रत असलेली टेप घालू नये. वापरलेल्या ड्राइव्हमध्ये मळलेले हेड किंवा झिजलेला रोलर असू शकतो, आणि अशा ड्राइव्हमध्ये अडकून चुरगळलेली टेप पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे एक कोरी टेप आणि एक साफसफाईची कॅसेट एवढ्याच सामग्रीवर पुढील सर्व काम करावे. जुन्या टेपची पाळी आली की तिच्या कडेची लेखनबंदीची छोटी पट्टी आधी सरकवावी आणि मगच ती आत घालावी.

आपल्याला मिळालेले तीन संदेश सारखे वाटले तरी ते तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे आहेत, आणि त्यांतील फरक ओळखला की निम्मे काम होते. ‘नो सच फाइल’ याचा अर्थ आपण दिलेल्या नावाची डिव्हाइस फाइलच, म्हणजे उपकरणाकडे निर्देश करणारी खास फाइलच, अस्तित्वात नाही. ‘नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस’ याचा अर्थ फाइल आहे, परंतु ती ज्या पत्त्याकडे निर्देश करते तेथून कोणी उत्तर देत नाही. ‘आय/ओ एरर’ आला म्हणजे आज्ञा ड्राइव्हपर्यंत पोहोचली, आणि अडचण टेपच्या किंवा तिच्यावरील मजकुराच्या वाचनात आहे. या तिसऱ्या संदेशाने अनेकजण विनाकारण घाबरतात. कारखान्यातून आलेली कोरी टेप वाचण्याचा प्रयत्न केला तरी नेमका हाच संदेश येतो, कारण तिच्यावर वाचण्यासारखे काहीच नसते. कोऱ्या टेपवर आधी लिहावे, मग वाचावे. ‘नो टेप लोडेड ऑर ड्राइव्ह ऑफलाइन’ असा आणखी एक संदेश आपल्याला पुढे कधीतरी दिसेल. तो शुभ समजावा, कारण त्याचा अर्थ संगणक ड्राइव्हला ओळखतो आणि फक्त आत टेप नाही, एवढाच असतो.

आता अगदी खालच्या पायरीवर, म्हणजे केबलवर येऊ. या यंत्रातील स्कझी ही एका तारेवर अनेक उपकरणे जोडणारी पद्धत आहे आणि तिचे नियम मोजकेच असले तरी ते काटेकोर आहेत. संगणक आणि ड्राइव्ह दोन्ही बंद असतानाच केबल लावावी किंवा काढावी. प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा असला पाहिजे. आठ क्रमांकांच्या या मार्गावर ७ हा संगणकाच्या स्वतःच्या नियंत्रकाचा असतो, सनच्या प्रथेप्रमाणे आतील पहिली डिस्क ३ वर आणि सीडी-रॉम ६ वर असते, तर टेपसाठी ४ आणि ५ राखलेले असतात. म्हणून आपल्या ड्राइव्हच्या मागील बाजूचा आकडा ४ वर ठेवावा. मार्गाच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, टर्मिनेटर, म्हणजे तारेच्या टोकावरून संकेत उलटू न देणारी टोपी, हवा. आतील टोकाची व्यवस्था संगणकाने केलेली असते. बाहेरचे टोक म्हणजे आपला ड्राइव्ह, आणि त्याला सहसा दोन सॉकेट असतात. एकात केबल येते आणि दुसरे रिकामे सोडले जाते; टर्मिनेटर लावायचा तो या रिकाम्या सॉकेटमध्ये. टर्मिनेटर नसतानाही ड्राइव्ह अधूनमधून दिसतो, हीच यातील मोठी फसवी गोष्ट आहे. कधी फाइल सापडते आणि कधी नाही, असे आपण लिहिले आहे. नेहमी एकच डिव्हाइस फाइल देऊनही उत्तर बदलत असेल, तर माझा पहिला संशय टर्मिनेटरवर आणि दुसरा केबलवर आहे.

केबलची लांबीही मोजावी. सेकंदाला १० मेगाबाइटच्या वेगाने चालणाऱ्या, एकेरी संकेत वापरणाऱ्या स्कझीत सर्व केबलींची एकूण लांबी ३ मीटरच्या आत असावी लागते, आणि या हिशेबात संगणकाच्या पेटीतील केबलही येते. शिवाय ड्राइव्हच्या पाठीवरील पट्टी नीट वाचावी. तिच्यावर ‘डिफरन्शियल’ असे लिहिलेले असेल आणि तो जुना उच्च व्होल्टतेचा प्रकार असेल, तर तो ड्राइव्ह या यंत्राला मुळीच जोडू नये. कनेक्टर तंतोतंत बसतो, पण विद्युत संकेत वेगळे असतात आणि त्यातून नियंत्रकाला इजा होऊ शकते.

केबल ठीक झाल्यावर आधी ड्राइव्ह सुरू करावा, त्याची स्वतःची चाचणी संपून दिवा स्थिर होऊ द्यावा, आणि नंतर संगणक सुरू करावा. सनच्या यंत्रांची एक सोय इतर अनेकांना नव्हती, ती अशी की सोलारिस चढण्यापूर्वीच ड्राइव्ह दिसतो की नाही हे तपासता येते. यासाठी यंत्र ‘इनिट ०’ या आज्ञेने व्यवस्थित खाली आणावे. ‘ओके’ असा संकेत आल्यावर ‘सेटएन्व्ह ऑटो-बूट? फॉल्स’ आणि त्यानंतर ‘रीसेट’ असे टंकावे, आणि पुन्हा ‘ओके’ दिसल्यावर ‘प्रोब-स्कझी-ऑल’ ही आज्ञा द्यावी. मधले रीसेट वगळल्यास कार्यप्रणालीने अर्धवट सोडलेल्या स्थितीमुळे यंत्र तेथेच अडकू शकते. उत्तरात ‘टार्गेट ४’ या शब्दांपुढे ‘रिमूव्हेबल टेप’ आणि निर्मात्याचे नाव आले पाहिजे. ते आले नाही तर सोलारिसमधील कोणतीही फाइल बदलून उपयोग नाही. दोष अजून केबल, टर्मिनेटर, क्रमांक किंवा ड्राइव्ह यांतच आहे. दिसलेले निर्मात्याचे आणि उत्पादनाचे नाव अक्षरशः, मधल्या मोकळ्या जागांसह, कागदावर उतरवून ठेवावे. काम संपल्यावर ‘ऑटो-बूट?’ पुन्हा ‘ट्रू’ करण्यास विसरू नये, नाहीतर वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप उभे राहणार नाही.

पुढची पायरी कर्नलची, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याची. ‘बूट -आर’ असे टंकून यंत्र सुरू केले की सोलारिस जोडलेल्या उपकरणांचा नव्याने शोध घेते आणि डिव्हाइस फाइली तयार करते. चालू यंत्रावरच हे करायचे असल्यास रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून ‘ड्रव्हकॉन्फिग’ आणि त्यापाठोपाठ ‘टेप्स’ या दोन आज्ञा द्याव्यात. त्यानंतर ‘/डेव्ह/आरएमटी’ ही डिरेक्टरी ‘एलएस -एल’ने पाहावी. तेथील नावे हे दुवे असतात आणि प्रत्येक दुव्याच्या शेवटच्या भागात स्कझी क्रमांक दिसतो. यंत्राला पूर्वी दुसरा टेप ड्राइव्ह जोडलेला असेल, तर ० हे नाव अजून त्या जुन्या पत्त्याकडेच निर्देश करीत असते आणि नव्या ड्राइव्हला १ हे नाव मिळते. नाव बदलून दिल्यावर संदेशही बदलत असेल, तर त्याचे कारण येथे असू शकेल. निरुपयोगी दुवे काढून टाकून पुन्हा ‘टेप्स’ चालवले की गोंधळ मिटतो.

आता ‘एमटी -एफ /डेव्ह/आरएमटी/० स्टेटस’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात ड्राइव्हचे ओळखीचे नाव आले तर सोलारिसला त्याचे गुणधर्म ठाऊक आहेत. ‘अनकॉन्फिगर्ड ड्राइव्ह’ असे आले तर ड्राइव्ह दिसतो, पण त्याच्याशी कसे वागावे हे ड्रायव्हरला, म्हणजे कर्नलमधील टेप हाताळणाऱ्या भागाला, सांगावे लागेल. हे सांगण्याची जागा म्हणजे ‘/कर्नल/ड्रव्ह/एसटी.कॉन्फ’ ही फाइल. तिच्यातील ‘टेप-कॉन्फिग-लिस्ट’ या नोंदीत ड्राइव्हची ओळख, माणसांना वाचण्यासाठीचे नाव आणि गुणधर्मांच्या ओळीचे नाव अशी तीन पदे असतात. ड्राइव्हच्या ओळखीत निर्मात्याचे नाव बरोबर आठ अक्षरांचे धरले जाते. निर्माता एचपी असेल तर दोन रोमन अक्षरांनंतर सहा मोकळ्या जागा सोडून मगच उत्पादनाचे नाव सुरू करावे लागते. एक जागा कमी पडली तरी ओळख जुळत नाही, आणि फाइल वरवर पाहता निर्दोष दिसत असल्यामुळे माणूस तासन्‌तास भलतीकडे शोधत राहतो. नोंदीच्या शेवटी अर्धविराम हवाच. गुणधर्मांच्या ओळीतील आकडे मनाने बसवू नयेत. ड्राइव्हच्या पुस्तिकेत सोलारिससाठी दिलेली ओळ जशीच्या तशी घ्यावी. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून बदल करावा आणि यंत्र पुन्हा ‘बूट -आर’ने सुरू करावे. याच फाइलच्या शेवटी ड्रायव्हरने कोणते स्कझी क्रमांक तपासावेत याच्याही ओळी असतात. आपण निवडलेला क्रमांक त्यांत नसेल तर ड्राइव्ह ‘ओके’च्या संकेतावर दिसूनही सोलारिसमध्ये दिसणार नाही.

येथपर्यंत आल्यावर कोरी टेप आत घालावी. एक सूचना येथे आवश्यक आहे. संगणकीय प्रतीच्या डीडीएस टेपच्या सुरुवातीला काही पट्टे असतात आणि त्यांवरून ड्राइव्ह टेपची प्रत ओळखतो. ध्वनिमुद्रणासाठी विकलेल्या डॅट कॅसेटवर हे पट्टे नसतात. ती आत बसते, पण ड्राइव्हवरील स्विचांच्या मांडणीनुसार अनेक ड्राइव्ह तिच्यावर लिहिण्यास नकार देतात. म्हणून चाचणीसाठीसुद्धा योग्य टेपच घ्यावी. एखादी लहान डिरेक्टरी ‘टार’ने, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधून लिहिणाऱ्या आज्ञेने, लिहावी, मग ‘टार टीव्हीएफ’ने यादी वाचावी आणि शेवटी दुसऱ्या, रिकाम्या डिरेक्टरीत ती परत उतरवून मूळ फाइलींशी ‘सीएमपी’ने ताडून पाहावी. ‘टार’ला फाइलींची नावे देताना आरंभी तिरकी रेघ येऊ देऊ नये. जुने ‘टार’ ती रेघ काढून टाकत नाही. त्यामुळे परत उतरवताना फाइली रिकाम्या डिरेक्टरीत न जाता मूळ जागी जातात आणि आजच्या मजकुरावर जुना मजकूर बसतो. आधी ‘सीडी’ने योग्य डिरेक्टरीत जावे आणि नावांऐवजी नुसता टिंब द्यावा.

डिव्हाइस फाइलच्या नावातील शेवटच्या अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण माहितीचा खरा नाश येथे होतो. ‘/डेव्ह/आरएमटी/०’ ही फाइल बंद झाली की ड्राइव्ह टेप पुन्हा सुरुवातीला गुंडाळतो, तर ‘०एन’ वापरल्यास टेप आहे तेथेच थांबते. एका टेपवर तीन बॅकअप ओळीने घेताना पहिल्या नावाचा वापर केला, तर दुसरा बॅकअप पहिल्यावर आणि तिसरा दुसऱ्यावर लिहिला जातो. एकही त्रुटिसंदेश येत नाही. शिवाय टेपवर मध्येच लिहिले की त्या जागेच्या पुढचे सर्व काही नेहमीच्या मार्गाने वाचता येत नाही, मग ते प्रत्यक्षात पुसलेले नसले तरीही. म्हणून अनेक बॅकअप घेताना नेहमी ‘०एन’ वापरावे, शेवटी ‘एमटी’ला ‘रिवाइंड’ आणि ‘ऑफलाइन’ सांगावे, आणि कोणता बॅकअप कितवा आहे हे टेपच्या लेबलावर लिहावे. ‘एमटी एफएसएफ १’ या आज्ञेने बॅकअपच्या शेवटची एक खूण ओलांडून पुढच्या बॅकअपपाशी जाता येते.

संपूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी ‘टार’ऐवजी ‘यूएफएसडम्प’ वापरावे. मालकी, परवानग्या, डिव्हाइस फाइली आणि रिकाम्या जागा असलेल्या फाइली यांची ते नीट नोंद घेते. फाइल प्रणाली चालू आणि बदलती असताना घेतलेला डम्प विश्वासार्ह नसतो, आणि सोलारिस ८ मध्ये आलेली ‘एफएसस्नॅप’ ही सोय आपल्या २.६ मध्ये नाही, म्हणून मोजमापे थांबवून यंत्र एकल-वापरकर्ता स्थितीत आणून हे काम करावे. त्यानंतर ‘यूएफएसरिस्टोअर’च्या संवादी पद्धतीने काही फाइली, त्यांत डम्पच्या शेवटाकडची एखादी मोठी फाइलही असावी, रिकाम्या डिरेक्टरीत उतरवून पाहाव्यात. रूट डिस्क निकामी झाल्यावर नव्या डिस्कवर मजकूर उतरवणे पुरेसे नसते. सीडीवरून यंत्र सुरू करून ‘इन्स्टॉलबूट’ या आज्ञेने बूट ब्लॉकही, म्हणजे डिस्कवरून यंत्र सुरू करणारा छोटा भागही, लिहावा लागतो. ती सीडी टेपसोबतच ठेवावी.

हे सर्व झाल्यावर जुन्या टेप बाहेर काढाव्यात. डीडीएस-३ ड्राइव्हला डीडीएस-१ आणि डीडीएस-२ टेप वाचता येतात, तेव्हा कॅसेटवर ९० किंवा १२० मीटर असे लिहिलेले असेल तर काळजीचे कारण नाही. वाचताना आधी मजकूर उलगडू नये; टेपवरील प्रत्येक बॅकअप जसाच्या तसा डिस्कवर उतरवावा आणि नंतर त्या प्रतीवर काम करावे, म्हणजे टेप शक्यतो एकदाच फिरेल. हे कसे करायचे ते पुढील उत्तरात आले आहे.

प्रश्न : माझ्याकडे सिलिकॉन ग्राफिक्सच्या एका यंत्रावर लिहिलेल्या क्यूआयसी-१५० प्रकारच्या, पाव इंची कॅसेटच्या, काही टेप आहेत. मूळ यंत्र आता नाही. दुसऱ्या युनिक्सवर ड्राइव्ह व्यवस्थित ओळखला जातो, पण ‘टार’ म्हणते की ही टारची टेपच नाही. टेप खराब झाल्या असे समजावे का?

उत्तर : नाही, अजून तसे समजू नये. ‘टार’चा नकार म्हणजे त्याला अपेक्षित असलेली पहिली नोंद सापडली नाही, इतकेच. टेपवर काय आहे हे कोणत्याही गृहीतकाशिवाय पाहण्यासाठी ‘डीडी’ ही आज्ञा आहे. टेप गुंडाळलेल्या स्थितीत असताना ‘बीएस=६४के’ आणि ‘काउंट=१’ देऊन पहिला तुकडा डिस्कवरील एका फाइलमध्ये उतरवावा, आणि ‘ओडी -सी’ने तिच्या सुरुवातीची अक्षरे पाहावीत. ‘टार’च्या पॉझिक्स या प्रमाणित रूपात २५७ क्रमांकाच्या बाइटपासून ‘यूस्टार’ हा शब्द असतो. त्याहून जुन्या ‘टार’मध्ये तो नसतो, पण सुरुवातीलाच फाइलचे नाव दिसते. ‘टार’सारख्याच ‘सीपीआयओ’ या आज्ञेच्या सुवाह्य रूपाची सुरुवात ०७०७०७ या आकड्यांनी होते.

आता आपल्या टेपचे मूळ यंत्र लक्षात घेता, मला वाटते की आपल्याला नावातील अक्षरे जोडीजोडीने उलटलेली दिसतील. आणि ‘सीपीआयओ’ असेल तर ०७०७०७ ऐवजी ७०७०७० दिसेल. आयरिक्स या कार्यप्रणालीत क्यूआयसी ड्राइव्हची नेहमीच्या वापरातील डिव्हाइस फाइल प्रत्येक दोन बाइटांची अदलाबदल करून लिहीत असे. माहिती पूर्ण शाबूत असते. ‘डीडी’ला ‘कॉन्व्ह=स्वॅब’ हा पर्याय दिला की जोड्या सुलट होतात, आणि तिचा निकाल थेट ‘टार’कडे पाठवता येतो.

तरीही मी प्रथम जशीच्या तशी प्रत घेण्याचाच आग्रह धरीन. न गुंडाळणारी डिव्हाइस फाइल वापरून ‘डीडी’ पुनःपुन्हा चालवावी; प्रत्येक वेळी ती पुढच्या खुणेपर्यंतचा मजकूर उतरवून थांबते, आणि एकही बाइट न मिळता थांबली की टेपवरील माहिती संपली असे सामान्यतः समजावे. बाइटांची अदलाबदल, ‘टार’चे पर्याय, अर्धवट तुटलेल्या नोंदी यांचे प्रयोग मग डिस्कवरील प्रतीवर कितीही वेळा करता येतात.

क्यूआयसी कॅसेटच्या बाबतीत मला माहितीपेक्षा यंत्ररचनेची चिंता अधिक वाटते. या कॅसेटमध्ये एक लवचीक पट्टा दोन्ही रिळांना फिरवतो. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर तो सैल होतो, टेपला चिकटतो किंवा फिरवताच तुटतो. ड्राइव्हमधला रबरी रोलर तर जुना होऊन अक्षरशः चिकट गोळा होतो आणि आत घातलेल्या पहिल्याच कॅसेटला तो रबर लागतो. ड्राइव्हचे दार उघडून रोलरला बोटाने हलकेच स्पर्श करावा. तो मऊ किंवा चिकट लागला तर बदलून घेईपर्यंत एकही टेप आत घालू नये. रोलर चांगला असेल तर प्रथम कमी महत्त्वाच्या टेपवर ‘एमटी रिटेन्शन’ चालवावे. ही आज्ञा टेप एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणते आणि तिचा ताण सर्वत्र सारखा करते. बराच काळ न फिरलेल्या टेपमधील अनेक वाचनदोष एवढ्यानेच नाहीसे होतात. मात्र पट्टा कोरडा पडलेला किंवा भेगाळलेला दिसत असेल तर हा ताण त्याला सोसणार नाही. मग कॅसेट उघडून पट्टा बदलणाऱ्या जाणकाराकडे ती सोपवणेच योग्य.

प्रश्न : आमच्या युनिक्सवर ‘सीपीआयओ’ने टेपवर बॅकअप घेताना ड्राइव्ह सतत थांबतो, मागे जातो आणि पुन्हा सुरू होतो. पूर्वी एका रात्रीत होणारे काम आता सकाळीही संपत नाही. ड्राइव्ह निकामी होत चालला आहे का?

उत्तर : वर्णनावरून तरी ड्राइव्ह आपले काम करतो आहे असे दिसते, त्याला माहिती पुरेशा वेगाने मिळत नाही. टेप ठरावीक वेगाने हेडखालून जात असते. संगणकाकडून पुढचा मजकूर वेळेवर आला नाही तर ड्राइव्हला थांबावे लागते. धावती टेप थांबेपर्यंत थोडी पुढे गेलेली असते, म्हणून ती मागे घेऊन, पुन्हा वेग पकडून, नेमक्या जागी लिहिणे सुरू करावे लागते. असे शेकडो वेळा झाले की वेळ तर जातोच, पण टेप आणि हेड दोन्ही झिजतात, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या बाबतीत पहिला उपाय अगदी लहान आहे. ‘सीपीआयओ’ काहीही न सांगता ५१२ बाइटांचे तुकडे लिहिते, आणि टेपसाठी ते फारच लहान आहेत. ‘-बी’ हा पर्याय मोठ्या रोमन अक्षरात दिल्यास तुकडा ५१२० बाइटांचा होतो. आपल्या आवृत्तीत मोठ्या ‘सी’चा पर्याय असेल तर त्याहूनही मोठा आकार देता येतो. ‘टार’चा नेहमीचा तुकडा ५१२ बाइटांचे २० भाग मिळून १०,२४० बाइटांचा असतो. परत वाचताना तुकड्याचा हाच आकार लागतो, कारण टेपवरील तुकड्यापेक्षा लहान जागा देऊन वाचल्यास त्रुटी येते. म्हणून निवडलेला आकार लेबलावर लिहावा. आधीच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे ‘डीडी’ने एक तुकडा उतरवून त्या फाइलची लांबी पाहिली तरी तो कळतो, मात्र ड्राइव्ह बदलत्या लांबीच्या तुकड्यांवर ठेवलेला हवा.

तुकडा मोठा करूनही ड्राइव्ह अडखळत असेल तर मजकूर कोठून येतो ते पाहावे. हजारो लहान फाइली असलेल्या डिरेक्टरीतून किंवा जाळ्यावरील दुसऱ्या यंत्रातून थेट टेपवर लिहिताना वेग सारखा राहत नाही. जागा असेल तर आधी डिस्कवर एकच मोठी फाइल तयार करून ती टेपवर पाठवावी. काहीजण वेग वाढवण्यासाठी मजकूर आधी ‘कॉम्प्रेस’ने लहान करतात. जुन्या प्रोसेसरवर याचा नेमका उलटा परिणाम होतो, कारण प्रोसेसर मजकूर लहान करीपर्यंत टेप थांबून राहते. आणि ड्राइव्ह स्वतः संकोचन करीत असेल तर दुसऱ्यांदा केलेल्या संकोचनातून काही मिळत नाही. शिवाय संकोचित प्रवाहात मध्ये एक तुकडा बिघडला तर त्यापुढचे सर्व उलगडणे अवघड होते. बॅकअपसाठी मी साधा मजकूर आणि ड्राइव्हचे संकोचन हाच मार्ग सुचवीन.

प्रश्न : आपण बहुतेक वेळा सोलारिसविषयी लिहिता. एचपी-यूएक्स, एआयएक्स किंवा जुने बीएसडी वापरणाऱ्यांनी काय करावे? आणि माझ्या जुन्या बीएसडी यंत्रावर बॅकअप घेणारी ‘डम्प’ ही आज्ञा मोठी टेप असूनही थोड्याच वेळात दुसरी टेप मागते, ते का?

उत्तर : केबल, क्रमांक आणि टर्मिनेटर यांविषयी वर लिहिलेले सर्व काही कोणत्याही युनिक्सला लागू आहे, बदलतात ती आज्ञांची आणि फाइलींची नावे. एचपी-यूएक्सवर ‘आयओस्कॅन -एफएनसी टेप’ने ड्राइव्ह दिसतो का ते पाहावे आणि डिव्हाइस फाइली नसतील तर ‘इन्स्फ -ई’ने त्या तयार कराव्यात, न गुंडाळणारी फाइल ‘०एमएन’ या नावाची असते. एआयएक्सवर ‘सीएफजीएमजीआर’ने उपकरणांचा शोध घेऊन ‘एलएसडेव्ह -सीसी टेप’ने ड्राइव्हची अवस्था पाहावी, तेथे ‘आरएमटी०.१’ हे न गुंडाळणाऱ्या फाइलचे नाव आहे. दुसऱ्या यंत्राच्या टेप वाचताना तुकड्यांचा आकार अडवत असेल तर ‘सीएचडेव्ह’ने ड्राइव्हचा ‘ब्लॉक_साइझ’ ० करावा, म्हणजे टेपवर जसा तुकडा असेल तसा तो वाचला जातो. आयरिक्सवर ‘एचइन्व्ह’ ही आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी देते. एससीओवर ‘एमकेडेव्ह टेप’ चालवून कर्नल पुन्हा जोडावा लागतो आणि यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

आपल्या ‘डम्प’चे कारण फार जुने आहे. या आज्ञेला टेपची लांबी आणि घनता सांगितली नाही, तर ती २३०० फूट लांबीचे आणि इंचाला १६०० बाइट मावणारे मोठे रीळ गृहीत धरून हिशेब करते. तो हिशेब सुमारे ४० मेगाबाइटपाशी संपतो, मग प्रत्यक्ष टेपवर कितीही गिगाबाइट जागा शिल्लक असो. ‘एस’ आणि ‘डी’ या पर्यायांनी लांबी आणि घनता मोठी सांगितली की आज्ञा पुढे जाऊ लागते. आकडे प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळण्याची गरज नाही, पण त्यांचा गुणाकार टेपच्या खऱ्या क्षमतेपेक्षा थोडा कमी ठेवावा, कारण जुन्या ‘डम्प’ला टेपचा शेवट स्वतः ओळखता येत नाही आणि शेवटाला धडकल्यावर ते रीळ पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागते. नव्या आवृत्त्यांत ‘ए’ हा पर्याय मिळतो; तो दिल्यास लांबीचा हिशेब बंद होतो आणि ड्राइव्हने शेवट कळवेपर्यंत लेखन चालू राहते.